इन्व्हेटरेट: मुरलेल्या सवयीला इंग्रजीत काय म्हणावं

रविवारी सकाळी मी पाच-सात मुलांना इंग्रजी शब्द शिकवतो. क्लास म्हणावा असं काही नाही. नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी टाकायची, वह्या काढायच्या, की झालं. मुलं बहुतेक स्पर्धा परीक्षांची. त्यातला एक दिंडोरीहून एसटीने येतो. मागे एकदा मी त्यांना घरी मराठी करायला एक वाक्य दिलं होतं: 'ही इज ॲन इन्व्हेटरेट स्मोकर.' दिंडोरीवाल्याने लिहून आणलं, 'तो पाठीचा कणा नसलेला धूम्रपान करणारा माणूस आहे.'

सतरंजीवर हशा पिकला. त्याची चूक एवढीच की मोबाइलवर घाईत शोधताना त्याने इन्व्हर्टिब्रेट हा शब्द उघडला. तो जीवशास्त्रातला शब्द, गांडूळ-गोगलगायीसाठीचा. मी मात्र फारसा हसलो नाही, कारण माझं या शब्दाशी जुनं भांडण आहे. पहिल्या नोकरीत बातम्यांचे अनुवाद करायचो, तेव्हा 'ॲन इन्व्हेटरेट गॅम्बलर' मला 'वेटरन'च्या घरातला वाटला आणि मी बिनधास्त 'अनुभवी जुगारी' लिहून मोकळा झालो. ते तसंच छापून आलं. दुसऱ्या दिवशी वरिष्ठांनी विचारलं, 'काय हो, अनुभवाचा दाखला कुठून मिळवला त्याने?'

ज्यांना हा शब्द नवा आहे किंवा वाचताना कळतो पण लिहिताना हात थरथरतो, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मी रविवारी ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने.

आधी तोंडात बसवा

अर्थाच्या आधी उच्चार. स्पेलिंग inveterate, उच्चार इन्-व्हे-ट-रिट. जोर दुसऱ्या अक्षरावर, 'व्हे'वर. शेवटी 'रेट' नाही. दुधाचा रेट, सोन्याचा रेट, तसा हा रेट नाही. 'चॉकलेट' म्हणताना इंग्रज लोक शेवट जसा गिळतात तसाच इथेही गिळतात, 'रिट' आणि 'रट' यांच्या मधे कुठेतरी. मराठीत लिहिताना आपण 'इन्व्हेटरेट' लिहितो, ते स्पेलिंगच्या सोयीसाठी. तोंडाने म्हणताना शेवट हलका सोडा. दहा वेळा मोठ्याने म्हणा. घरचे बघतील, बघू द्या.

इन्व्हर्टिब्रेटशी गोंधळ होत असेल तर कान 'व्ह'नंतर काय येतं तिकडे ठेवा. कण्याच्या शब्दात 'व्हर्' आहे, कारण मणक्याला इंग्रजीत 'व्हर्टिब्रा' म्हणतात. सवयीच्या शब्दात नुसता 'व्हे'.

मग त्याचं वय बघा

शब्दाचा अर्थ त्याच्या वयातच आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. लॅटिनमध्ये 'व्हेटुस' म्हणजे जुना. त्यावरून 'वेटरन', म्हणजे जुना, मुरलेला सैनिक. आणि त्याच 'व्हेटुस'वरून 'इन्व्हेटेरारे', म्हणजे जुनं होऊ देणं, काळ आत जाऊ देणं. त्या क्रियापदाचा 'जुना करून टाकलेला' या अर्थाचा रूपभेद इंग्रजीत आला तो इन्व्हेटरेट. म्हणजे 'वेटरनच्या घरातला' हा माझा अंदाज बरोबर होता, नातं मात्र चुकीचं लावलं होतं. वेटरनमध्ये वर्षांनी माणसाला काहीतरी मिळवून दिलेलं असतं. इन्व्हेटरेटमध्ये वर्षांनी माणसात काहीतरी घट्ट रुतवलेलं असतं.

आता गंमत बघा. भाषाशास्त्रज्ञ या 'व्हेटुस'चं मूळ वर्ष या अर्थाच्या एका फार जुन्या धातूत धरतात आणि संस्कृतातला 'वत्सर' त्याच धातूचा. वत्सर म्हणजे वर्ष. पाडव्याला पंचांग उघडून ज्या संवत्सराचं नाव आपण वाचतो तो संवत्सर आणि हा परका वाटणारा इंग्रजी शब्द लांबचे भाऊबंद आहेत. मुलांना हे सांगितलं की शब्द डोक्यात पक्का बसतो: ज्या सवयीवर संवत्सरं गेली ती इन्व्हेटरेट.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि सुरुवातीला तो आजारांना लागायचा. अंगात घर करून बसलेलं दुखणं, बरं न होणारी जखम. मराठीत आपण 'जुनाट खोकला' म्हणतो ना, अगदी तेच. 'जुना'पासून 'जुनाट' झाला आणि 'व्हेटुस'पासून इन्व्हेटरेट. दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली. पुढे इंग्रजीने तो शब्द आजारावरून उचलून सवयींना लावला. मराठीने जुनाट हा शब्द दुखण्यांना, कपाटांना आणि विचारांना ठेवला, माणसांच्या सवयींसाठी मात्र दुसरे शब्द शोधले. आज इंग्रजीत आजाराला इन्व्हेटरेट म्हणू नका, डॉक्टर त्याला 'क्रॉनिक' लिहितात.

कोणाच्या आधी बसवायचा

हे विशेषण नामाच्या आधी बसतं आणि तिथेच शोभतं. 'ॲन इन्व्हेटरेट लायर', अट्टल खोटारडा. विशेषणाच्या आधी 'ॲन' लागतं, 'अ' नाही, हे परीक्षेत विसरू नका. 'ही इज इन्व्हेटरेट' एवढंच म्हणून थांबलात तर इंग्रजी वाचणारा वाट बघत बसतो, इन्व्हेटरेट काय? हे विशेषण एकट्याने चालत नाही, त्याला पुढे कोणीतरी लागतं.

पुढचं नाम मुख्यतः तीन जातींचं असतं.

एक, काहीतरी करणारा माणूस: स्मोकर, गॅम्बलर, लायर, ट्रॅव्हलर, रीडर, गॉसिप. यात 'करणारा' महत्त्वाचा. 'इन्व्हेटरेट इंजिनिअर' होत नाही, कारण इंजिनिअर असणं ही खोड नाही. पण रविवार आला की घरातला मिक्सर उघडून बसणारा इंजिनिअर 'ॲन इन्व्हेटरेट टिंकरर' जरूर होतो. असा एक माणूस प्रत्येक सोसायटीत असतो आणि त्याच्या घरचा मिक्सर नेहमी बंद असतो.

दोन, खुद्द सवय: 'इन्व्हेटरेट हॅबिट'.

तीन, मनात धरून ठेवलेल्या गोष्टी: द्वेष, पूर्वग्रह, वैर. 'इन्व्हेटरेट हेट्रेड' हे वाचलं की मराठीत मला थेट 'हाडवैर' आठवतं. याला एवढा नेमका मराठी शब्द असताना कोशात बघून 'दृढमूल द्वेष' लिहिणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, पण त्यांचं मी वाचत नाही.

निर्जीव वस्तूंना हा शब्द लावायचा नाही. काळाराम मंदिर जुनं आहे, इन्व्हेटरेट नाही. द्वारका चौकातली कोंडीही इन्व्हेटरेट नाही, कितीही वर्षं झाली तरी. तिला 'क्रॉनिक' म्हणा.

आणि एकदाच केलेल्या गोष्टीला तर नाहीच नाही. एखाद्याने परवा कुंभमेळ्याच्या गप्पांत एक थाप मारली म्हणून तो इन्व्हेटरेट लायर होत नाही. थापेला लोणच्यासारखं मुरावं लागतं. कैरी चिरून मसाला घातला की दुसऱ्या दिवशी ते लोणचं नसतं, ती तिखट कैरी असते.

मराठीत कोणता शब्द घ्यायचा

ही पायरी सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात आवडती. कोशात इन्व्हेटरेटपुढे चार-पाच मराठी शब्द ओळीने असतात आणि नवीन माणूस त्यातला पहिला उचलतो. पण इंग्रजीचा हा एक शब्द मराठीत येताना फुटतो. त्याचे तुकडे कुठे कुठे पडतात ते पुढच्या नामावरून ठरतं.

वाईट खोड असेल तर 'अट्टल'. अट्टल चोर, अट्टल दारुडा, अट्टल जुगारी. माझ्या त्या बातमीत हाच शब्द हवा होता. थट्टेत 'अट्टल वाचक'ही म्हणता येतं, पण ते थट्टाच आहे हे कळलं पाहिजे, नाहीतर वाचनालयातून पुस्तकं पळवणारा डोळ्यांपुढे येतो.

'सराईत' जरा जपून. नाशिकच्या कुठल्याही पेपरात आठवड्यातून एकदा तरी 'सराईत दुचाकीचोर जेरबंद' असा मथळा दिसतो. सराईतमध्ये दोन गोष्टी आहेत: पुन्हा पुन्हा करणं आणि त्यात हात बसलेला असणं. इन्व्हेटरेटमध्ये हात बसलेला असेलच असं नाही. पन्नास वर्षं थापा मारूनही दर वेळी पकडले जाणारे इन्व्हेटरेट लायर माझ्या माहितीत आहेत. ते सराईत मुळीच नाहीत.

'पट्टीचा' तर सगळा कौशल्याचा शब्द. पट्टीचा पोहणारा, पट्टीचा गवई. रामकुंडावर पुलावरून सूर मारणारी पोरं पट्टीची पोहणारी आहेत, पण त्यांच्यासाठी इंग्रजीत इन्व्हेटरेट नको, 'एक्स्पर्ट' म्हणा. 'हाडाचा शिक्षक' म्हणतो तिथेही इन्व्हेटरेट चुकेल. हाडाचा म्हणजे जात्याच तसा, इंग्रजीत 'बॉर्न टीचर'. इन्व्हेटरेट माणूस तसा जन्मलेला नसतो, वर्षांनी त्याला तसा केलेला असतो.

'मुरलेला' मूळ लॅटिनच्या सगळ्यात जवळ आहे, पण मराठीने तो राजकारण्यांना देऊन टाकला. 'मुरलेला राजकारणी' म्हटलं की त्यात अनुभव, बेरकीपणा, थोडं कौतुक, थोडी भीती, सगळं येतं. सवयीबद्दल लिहिताना 'मुरलेली सवय' चालतं, 'मुरलेला विडीबाज' कानाला खटकतं.

'निर्ढावलेला' लाज सोडलेल्याला. त्यासाठी इंग्रजीत 'हार्डन्ड' आहे.

चांगली किंवा निरुपद्रवी सवय असेल तर मराठी बहुधा विशेषण टाळते आणि वाक्य फिरवते. 'शी इज ॲन इन्व्हेटरेट वॉकर' याचं 'ती अट्टल चालणारी आहे' केलं तर लोक हसतील. 'तिला चालण्याचं वेड आहे, आजचं नाही, वर्षानुवर्षांचं' असं म्हणा. किंवा 'चालल्याशिवाय तिला चैन पडत नाही'. हे मराठी. शब्दाला शब्द ठेवायचा हट्ट सोडला की अनुवाद सोपा होतो, हे समजायला मला पंधरा वर्षं लागली.

आणखी एक सोय मराठीत आहे जी कोशात सापडत नाही. आपले काही प्रत्यय स्वतःच सवय सांगतात. चुगलखोर, भांडखोर, नशेबाज, विसराळू, झोपाळू, गप्पिष्ट. 'चुगलखोर' म्हणजे एकदा चुगली केलेला नव्हे, चुगली हा ज्याचा धर्म तो. म्हणून 'ॲन इन्व्हेटरेट गॉसिप'चं मराठी नुसतं 'चुगलखोर' केलं तरी बरंचसं काम होतं, 'अट्टल' जोडायची गरज नाही. फारच जोर द्यायचा असेल तर 'जन्माचा' लावा: जन्माचा भांडखोर.

शेजारपाजारचे शब्द

परीक्षेत समानार्थी म्हणून हे सगळे एका रांगेत उभे करतात. लिहिताना मात्र एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

'हॅबिच्युअल' कोरडा आहे. तो सवय किती वेळा घडते ते मोजतो, मुळाशी जात नाही. ऑफिसच्या मेमोत आणि कायद्याच्या भाषेत हाच सापडतो: हॅबिच्युअल लेटकमर, हॅबिच्युअल ऑफेंडर. 'कम्पल्सिव्ह'मध्ये मनाचा आतून रेटा आहे, माणसाला स्वतःला थांबवता येत नाही. 'क्रॉनिक' आजारांना, टंचाईला, कोंडीला, आणि माणसालाही लागतो. 'ॲव्हिड रीडर' आणि 'इन्व्हेटरेट रीडर' यांत फरक हवा असेल तर असा धरा: ॲव्हिड म्हणजे हौस, ती कालपासूनही असू शकते. इन्व्हेटरेटला वर्षं लागतात. १८४० साली स्थापन झालेल्या आपल्या सार्वजनिक वाचनालयात गेलात तर दोन्ही प्रकारचे वाचक भेटतील. पहिला नवीन पुस्तकांच्या कपाटाशी उभा असतो. दुसऱ्याची खुर्ची ठरलेली असते आणि तिथे कोणी बसलेलं असेल तर तो काही न बोलता शेजारी उभा राहतो.

'इन्कॉरिजिबल' आणि इन्व्हेटरेट यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. त्यावर माझ्याकडे दोन म्हणींचा तोडगा आहे. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' हे इन्व्हेटरेट: खोड किती खोल गेली, किती दिवसांची, त्यावर नजर. 'कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच' हे इन्कॉरिजिबल: इथे कोणीतरी सुधारायला गेलं होतं आणि फसलं. नळी असेल तर इन्कॉरिजिबल. ज्याला सुधारायच्या भानगडीत कोणी पडलंच नाही तो फक्त इन्व्हेटरेट.

'इनग्रेन्ड'ची कथा रंगाऱ्याची आहे. पूर्वी युरोपात एका किड्यापासून पक्का किरमिजी रंग काढत. ते वाळवलेले किडे दाण्यांसारखे दिसत, म्हणून त्या रंगालाच 'ग्रेन' म्हणू लागले. त्यात बुडवलेलं कापड धुऊन रंग जात नसे, ते 'इन ग्रेन' रंगवलेलं. नाशिककराला हे समजायला दोन उदाहरणं घरातच आहेत. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारून आलेल्याचा रंग दोन-तीन दिवस कानामागे राहतो आणि मग जातो. तो इनग्रेन्ड नाही. येवल्याच्या पैठणीचं रेशीम मात्र विणण्याआधीच रंगवतात. रंग कापडावर चढलेला नसतो, धाग्यातच असतो. तो इनग्रेन्ड. लोकरीवरून आलेला 'डाइड इन द वूल' हा वाक्प्रचारही याच तर्काचा, आणि तो कट्टर मतांच्या माणसाला लावतात.

पण लक्षात ठेवा, इनग्रेन्ड सवयीला लागतो, समजुतीला लागतो, नखातल्या मळालाही लागतो, माणसाला लागत नाही. 'इनग्रेन्ड स्मोकर' चूक. माणूस असेल तर इन्व्हेटरेट. सवय असेल तर दोन्ही चालतात. पेपर सोडवताना ही एक ओळ आठवली तरी गुण वाचतात.

'इन्व्हेटरेटली' आणि 'इन्व्हेटरसी' ही रूपं ओळखता आली की पुरे, वापरायच्या फंदात पडू नका.

कुठे वापरू नये

बोलण्यात. हा लिहिण्यातला शब्द आहे. मित्राला इंग्रजीत सांगायचं असेल की तो सतत सिगारेट ओढतो, तर 'ही इज ऑलवेज स्मोकिंग' बास. लेखात, व्यक्तिचित्रात, श्रद्धांजलीत इन्व्हेटरेट शोभतो. त्यात एक मिश्किल, मायेची छटाही येते: 'ॲन इन्व्हेटरेट ऑप्टिमिस्ट', काही झालं तरी आशा न सोडणारा.

नोकरीच्या अर्जात तर अजिबात नको. सातपूरच्या एका कंपनीत अर्ज करताना एका मुलीने 'आय ॲम ॲन इन्व्हेटरेट लर्नर' लिहिलं होतं. शिकण्याची हौस सांगायची होती, वाचणाऱ्याला वाटलं शिकण्याची खोड आहे आणि ती सुटत नाहीये. आम्ही ते काढून 'कीन' घातलं. आणि कोणाला तोंडावर 'इन्व्हेटरेट लायर' म्हणायचं असेल तर जिना कुठे आहे ते आधी बघून ठेवा. शिवी म्हणून हा शब्द सभ्य दिसतो, पण खोल लागतो: तू आज खोटं बोललास असं तो म्हणत नाही, तू आजवर तेच करत आलास असं म्हणतो.

हाताखालून घालायचा सराव

पुस्तकातली वाक्यं पाठ करण्यापेक्षा ओळखीच्या माणसांवर शब्द घालून बघा. आमच्याकडे त्यासाठी अण्णा आहेत. अण्णा खालच्या मजल्यावर राहतात, नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, मोजणं सुटलेलं नाही. जिन्याच्या पायऱ्या मोजतात, भाजीवाल्याने दिलेल्या मिरच्या मोजतात. मध्यंतरी आम्ही सगळे मिसळ खायला गेलो होतो. रस्सा यायला वेळ होता. अण्णांनी टेबलावरचा कागदी नॅपकिनचा गठ्ठा डाव्या हातात धरला, उजवा अंगठा ओठाला लावला आणि कडा उलटत फडफड मोजून टाकला. बोटं इतकी सवयीची की डोळे शेजारच्या टेबलावरच्या पापडाकडे होते.

'किती, अण्णा?' मी विचारलं.

'एकोणतीस. मागच्या वेळी तीस होते.'

मी मुलांना म्हटलं, आता यांच्यावर वाक्य करा. पहिल्याने लगेच केलं, 'अण्णा इज ॲन इन्व्हेटरेट काउंटर.' व्याकरणाने बरोबर, पण वाचणाऱ्याला दुकानातला काउंटर आठवेल. करणाऱ्याचं नाम असं दगा देत असेल तर माणूस सोडून सवय धरायची. दिंडोरीवाला इतका वेळ पाव कुस्करत गप्प होता. तो म्हणाला, 'सर, असं चालेल का? अण्णा हॅज ॲन इन्व्हेटरेट हॅबिट ऑफ काउंटिंग एव्हरीथिंग.'

चालेल काय, पळेल.

अण्णांनी वाक्यातला तो एकच शब्द पकडला. 'कसा लिहितात रे तो? नॅपकिनवर लिही बरं.' मुलाने लिहिला. अण्णांनी चष्मा वर केला, अंगठा ओठाला लावला आणि एकेका अक्षरावर बोट ठेवत गेले.

'दहा,' ते म्हणाले. 'त्यात ई तीन, टी दोन. एखादा ई कमी पडला तर चूक समजा.' मग नॅपकिनची घडी घालून खिशात ठेवली. 'आणि आता अठ्ठावीस.'